आई 'लाँग केस' झाली तेव्हा

आईला परळच्या केईएम रुग्णालयात दाखल केलं तेव्हा मला एकच ध्यास होता, मोठ्या डॉक्टरांनी तिला बघावं. खाटेभोवती आली ती मात्र विद्यार्थ्यांची रांग. मी वैतागलो. आई नाही वैतागली.

तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती. लहानपणी घसा धरून ताप आला, मग सांधे सुजले. आमच्या कोकणातल्या गावी त्याचा हृदयाशी संबंध कोणी लावला नाही. पन्नाशीत जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा दुखणं कळलं.

राउंडला सर आले. "मावशी, मुलं तपासतील, चालेल ना?" आईने मान डोलावली. तिला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबायला सांगून ते मुलांना म्हणाले, "स्टेथोस्कोपची बेल टेकवा, पण दाबू नका. दाबलीत तर आवाज हरवेल." एकेक जण वाकून ऐकू लागला. एका मुलीला तो आवाज काही केल्या सापडेना. संध्याकाळी ती एकटीच परत आली आणि पुन्हा ऐकू का म्हणाली. "ऐक गो, मी कुठे पळतेय?" म्हणत आईनेच कूस बदलली. खूप वेळाने त्या मुलीचा चेहरा उजळला. "आला! गुरगुरल्यासारखा आला!"

पुढे परीक्षा आली आणि आई 'लाँग केस' झाली. विद्यार्थ्याने तिच्याशी बोलून, तिला तपासून रोग ओळखायचा आणि परीक्षकांसमोर मांडायचा. रोगाचं नाव सांगायचं नाही, अशी तिला ताकीद होती. तिने ती कसोशीने पाळली. बाकी लहानपणच्या तापापासून सगळं मात्र न विचारता सांगितलं. त्या मुलाला तेवढं पुरलं असणार.

आईला तपासणारी ही मुलं सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजची. हे कॉलेज आणि केईएम ही जोडी १९२६ सालची. इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. गोऱ्यांच्या राज्यात ही अट घालायला छाती लागते. १९५२ साली इथल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगासमोर आणला. या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. १९६८च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण इथे केलं. रुग्ण काही तासच जगला. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेही इथेच. पुस्तकांत नावं डॉक्टरांची राहतात, आणि ती राहायलाच हवीत. पण या प्रत्येक कामात खाटेवर कोणीतरी होतं, बहुतेकदा महापालिकेच्या केसपेपरवर आलेलं साधं माणूस.

आईची झडप जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन उघडली. तिची धाप थांबली.

तुमच्या माणसाच्या खाटेशी उद्या एखादा शिकाऊ डॉक्टर येईल. त्याने आधी विचारलंच पाहिजे, आणि नाही म्हणायचा हक्क तुमच्या माणसाला आहे. पण अंगात त्राण असेल, तर हो म्हणू द्या.