सवलतराव

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याला लागलं, की एका किराणा दुकानाच्या काउंटरवर सवलतराव भेटतात. दुकानाचा बिलिंगचा प्रोग्रॅम. दिवसभरात तोंडातून एकच शब्द, ‘टिक’. पण दुकानात शेवटचा शब्द त्यांचाच.

हिशेबी आहेत, चिक्कू नाहीत. साबण ५० रुपयांचा, तीन घेतले तर १३०. दोन साबण, मग रवा, मग आठवण होऊन धावत आणलेला तिसरा साबण, तरी १३०च. आधी कोण आलं, मागून कोण, असला मानापमान त्यांच्याकडे नाही. डेव्ह थॉमस यांनी प्रोग्रॅमरांच्या सरावासाठी घातलेल्या प्रसिद्ध गणितातही एका वस्तूचा भाव नेमका हाच: एक ५०, तीन १३०. सवलतराव त्याच घराण्यातले.

भाव ते पाठ करत नाहीत. सवलती, कर सगळं वेगळ्या तक्त्यात. मालकांची लहर फिरली की तक्त्यात एक ओळ वाढते, हे हूं की चूं करत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ला अंघोळीच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५वर आला. दुकानात धांदल उडाली. यांनी नवा आकडा वाचला आणि पुढचं बिल काढलं.

तारखेला भलतेच पक्के. आषाढीला साबुदाण्याबरोबर शेंगदाणे घेतले तर १० रुपये कमी. द्वादशीला सकाळी कुणी म्हणालं, “अहो, कालच तर होती सवलत!” तर काल म्हणजे काल.

पैशापैशाचा हिशेब, तोही शब्दशः. दशांशचिन्हावर यांचा भरवसा नाही, बेरीज अख्ख्या पैशांत. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११पासून चलनातून गेलं. यांच्याकडे एकेक पैसा अजून नांदतो.

एकाच साबणावर दोन सवलती आल्या, की कपाळाला आठ्या. तीनाची सवलत २० रुपयांची, दहा टक्क्यांची १५ची. एकावर एक दिल्या तर तीन साबण ११७ला जातील. म्हणून मालकांनी बजावलंय, गिऱ्हाइकाच्या फायद्याची एकच द्यायची. राव २०ची निवडतात आणि बिलाच्या तळाशी ठसठशीत छापतात, ‘आपली बचत’. पैसे मालकांचे, मोठेपणा यांचा!

यांचा खरा हिसका कळतो तो धानोरीच्या काकू “एक साबण काढ रे” म्हणतात तेव्हा. तीनाची अट मोडली, दोनाचे झाले १००. बिल ३०नेच उतरलं. “साबण पन्नासचा, मग तीसच कसे कमी झाले?” राव बरोबर असतात आणि गप्प असतात, पटवायचं काम काउंटरवरच्या पोराचं. तो दोनदा समजावतो. काकू साबण परत पिशवीत टाकतात आणि जाता जाता सुनावतात, “तू भोळा आहेस बाबा, तुझं मशीन मात्र पक्कं लबाड!”