चार वाक्यं आणि एक पान

मुलांनो, आमची शाळा वाईपासून एस.टी.ने अर्ध्या तासावर आहे. वाई म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ढोल्या गणपती? मेणवलीचा घाट? आमच्या पोरांना विचाराल तर ती एका सुरात ओरडतील, ‘शूटिंग!’ ‘गंगाजल’चं शूटिंग इथलंच. ‘स्वदेस’मधलं गाव म्हणजे आमचं मेणवली. त्यामुळे माळावर जनरेटरची गाडी उभी दिसली, की आमच्या वर्गाचं पाढ्यांतलं लक्ष उडालंच म्हणून समजा.

२०२३ साली अशीच एक गाडी आली आणि माझ्या तिसरीतल्या एका मुलीला सिनेमात घेतलं गेलं. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच. नुसतं गर्दीत उभं राहायला नव्हे हं! तिला चक्क बोलायचं होतं. चार वाक्यं. ती चार वाक्यं आमच्या अख्ख्या वर्गाला पाठ झाली. खिचडीच्या रांगेतसुद्धा पोरं तीच म्हणायची. पुढच्या वर्षी, म्हणजे ती चौथीत असताना, सिनेमा लागला आणि आम्ही सगळे साताऱ्याला जाऊन बघून आलो. ती पडद्यावर आली तेव्हा पोरांनी असा गलका केला, की चारांपैकी दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत.

शाळेत लोकवर्गणीतून आलेला एक संगणक आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसलेला एक मुलगा ओरडला, ‘बाई, विकिपीडियावर हिचं पानच न्हाई!’

विकिपीडिया तुम्हाला ठाऊक आहेच. इंटरनेटवरचा फुकट ज्ञानकोश. मराठीतला २००३ साली सुरू झाला. त्यात कुणीही लिहू शकतं, तुम्ही आम्हीसुद्धा. मग काय! मीच म्हटलं, चला, आपण लिहू. पोरं सांगत गेली, मी टंकत गेले. नाव, जन्मतारीख, गाव, वाडी, शाळा, वडील काय करतात, सिनेमा कोणता. ‘तिच्याकडे चंद्री नावाची शेळी आहे’ हेसुद्धा लिहिलं. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट फार अभिमान वाटला.

आठ दिवसांनी उघडून पाहतो तर शेळी गायब! ‘संदर्भ नाही’ म्हणून कुणीतरी ती ओळ उडवली होती. आणि पानाच्या डोक्यावर एक पाटी होती. या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, पान काढावे की ठेवावे यावर चर्चा करा, अशा अर्थाची.

वर्गात एकच कल्ला झाला. ‘आपण तीस जण हाय. तीस मतं टाकू, ठेवा म्हणून!’ एकाने हिशेब मांडला. खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. खेड्यातली पोरगी म्हणून असं करतात की काय, असंसुद्धा मनात आलं. रात्री घरी जेवणं आटोपल्यावर मी नियम वाचायला बसले. इंग्रजी विकिपीडियावर ते सविस्तर लिहिलेले आहेत. ते डी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सोपे निघाले, पण मला पटायला वेळ लागला.

पहिली गोष्ट, तिथे मतं मोजत नाहीत. कारणं बघतात. तीस जणांनी ‘ठेवा’ म्हटलं आणि एकानेही पुरावा दिला नाही, तर त्या तीसांचा उपयोग शून्य. दुसरी गोष्ट, तिऱ्हाईत माणसांनी, विश्वास ठेवावा अशा वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात, त्या व्यक्तीबद्दल भरपूर लिहिलेलं हवं. नुसती नावाची एक ओळ चालत नाही. आणि नटनटी असेल तर एकाहून जास्त नावाजलेल्या कलाकृतींत महत्त्वाच्या भूमिका असाव्यात.

सकाळी पोरं पुराव्याच्या शोधाला लागली. एक कात्रण सापडलं! एका स्थानिक पेपरात तिच्या सत्काराची बातमी आली होती, फोटोसकट. आम्ही हरखलो. मग लक्षात आलं, की ती बातमी आमच्याच मुख्याध्यापकांनी लिहून पाठवली होती. तिऱ्हाईत कसली? घरचीच!

आणि मी तरी कोण? तिची बाई. आईनेच आपल्या लेकीचा पेपर तपासावा, तसं मी ते पान लिहिलं होतं. आपल्या जवळच्या माणसाबद्दल शक्यतो लिहू नये, असंही त्या नियमांत आहे. ते वाचून मी एकटीच ओशाळले.

पण पोरं कुठली ऐकतात! आमच्या वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. मी त्याचं उदाहरण दिलं, की बघा, ज्ञानकोशात काय घ्यायचं आणि काय नाही हे किती पारखून ठरवतात. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘पर बाई, त्याला कागद लागतो. हितं कुठं कागद लागतोय? एक पान जास्त झालं तर काय बिघाडतंय?’

प्रश्न बिनतोड होता. मी ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. उत्तर मात्र त्याच दुपारी आपोआप मिळालं. कुणा वात्रटाने त्या पानावर भर घातली होती, ‘ती अभ्यासात ढ आहे.’ (हा वात्रट आमच्याच शाळेतला असणार, कारण असं लिहायची खोड कुणाची आहे ते मला माहीत आहे.) ज्या पानावर कुणीही चांगलं लिहू शकतं, त्यावर कुणीही वाईटही लिहू शकतं. मोठ्या नटाच्या पानावर शंभर डोळे असतात, चूक लगेच दुरुस्त होते. आमच्या चिमुरडीच्या पानावर लक्ष कोण ठेवणार? ती ओळ मी काढली, पण तोवर तिने ती वाचली होती.

आम्ही वर्गात वादच घातला. एक बाजू ‘ठेवा’, एक बाजू ‘काढा’. मुलं उदाहरणं शोधून आणू लागली. दादासाहेब फाळक्यांची लेक मंदाकिनी. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये ती कृष्ण झाली होती आणि तो मूकपट तिच्याच चेहऱ्यावरच्या हावभावांनी सुरू होतो. लहानगीच होती ती, पण सिनेमाच्या इतिहासात तिच्याबद्दल लिहिलं जातं. ‘फँड्री’तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, हा तर खेड्यातलाच मुलगा. २०१३ सालच्या चित्रपटांसाठीचा उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, म्हणजे पुरावे आपोआप आलेच. माझी खेड्याबद्दलची तक्रार थोडी ढिली पडली. थोडीच हं. शहरातल्या मुलाच्या छोट्याशा भूमिकेवर पेपरात अर्धं पान येतं आणि आमच्या मुलीसाठी कुणी वार्ताहर घाट चढून येत नाही, हे मला अजूनही खुपतं. नियम बरोबर आहे, पण त्याला लागणारे पुरावे सगळीकडे सारखे पिकत नाहीत.

मी स्वतः माधव वझे यांचं उदाहरण घेतलं. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’मधला श्याम. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. वझे मोठेपणी नाट्यदिग्दर्शक झाले, नाट्यसमीक्षक झाले. २०२५ साली ते गेले. त्यांचं पान कुणी त्या श्यामवरच संपवलं असतं, तर पुढचा सगळा माणूस राहूनच गेला असता. आणि आमची पोरगी तर अजून चौथीत. ती पुढे डॉक्टर होईल, शेती करेल, नाहीतर खरीच नटी होईल.

वाद रंगात आला असताना एके संध्याकाळी तिची आई शाळेत आली. ‘बाई, ते पान काढून टाका की. काल येक अनोळखी माणूस वाडीवर आलता. पिक्चरमधली पोरगी हितंच ऱ्हाती का म्हणून इचारत हुता. त्येला पत्ता कुणी दिला?’

पत्ता मीच दिला होता. गाव, वाडी, शाळा, जन्मतारीख, सगळं माझ्या हाताने टंकलेलं. तो माणूस बिचारा साधाच असेल. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी वर्ग भरायच्या आधीच मी चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘मी या मुलीची शिक्षिका आहे. पान आम्हीच केले. कृपया काढावे.’ दोन दिवसांत पान गेलं.

तिला सांगणं सगळ्यात अवघड होतं. ती म्हणाली, ‘म्हंजे माझं काम चांगलं न्हवतं, बाई?’

मी म्हटलं, ‘अगं, काम कसं झालं याचा निकाल ते लावतच नाहीत. दुसऱ्यांनी किती लिहून ठेवलंय, तेवढंच बघतात.’

‘आन् काढा म्हणून कुणी लिवलं?’

‘मी.’

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. प्रार्थनेला मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत टेबलापाशी आली. पहिल्या दिवशी लिहिलेला मजकूर माझ्याकडे छापून ठेवलेला होता, तो तिला हवा होता. मी दिला. तिने तो उभ्या उभ्या पुरा वाचला, माझं लाल पेन उचललं आणि एक शब्द खोडला.

‘बाई, शेळीचं नाव चंद्री न्हाई. चांदी हाय.’