अनादि एकच

स्वारगेट, पुणे ४२

चि. बाळ यास,


तुझे पत्र पोहोचले. वसतिगृहाचा आणि परीक्षेचा मजकूर तुझ्या आईला वाचून दाखविला. शेवटच्या पानावरचा प्रश्न मात्र मी माझ्यापाशी ठेवून घेतला, कारण ज्या पोटतिडकीने तो तू विचारला आहेस तिची बोळवण चार ओळींत करणे मला योग्य वाटेना. प्रत्येक वस्तूला कर्ता असेल तर देवाचा कर्ता कोण, असे तू विचारतोस आणि बर्ट्रांड रसेल यांच्या १९२७ सालच्या व्याख्यानाचा दाखला देतोस. आपल्या वयाच्या अठराव्या वर्षी मिलच्या आत्मचरित्रात हाच प्रश्न वाचून आपण आदिकारणाची कल्पना सोडून दिली, असे रसेल त्या व्याख्यानात सांगतात. तूही आज त्याच वयाचा आहेस; प्रश्न तुला भिडला यात नवल नाही आणि पापही नाही.

परंतु प्रत्येक वस्तूला कर्ता असतो, हे विधान ख्रिस्ती धर्मपंडितांनी कधी केलेलेच नाही. जे आरंभ पावते, जे नसते तरीही चालले असते, ज्याचे असणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याला कारण हवे, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि अशा परावलंबी वस्तूंची साखळी कितीही लांबविली तरी तिच्या लांबीने तिचे परावलंबन नाहीसे होत नाही, म्हणून ज्याचे असणे कोणाकडून उसने घेतलेले नाही असा कोणी तरी मानावा लागतो. मोशेने जळत्या झुडपापाशी देवाला नाव विचारले तेव्हा त्याला जे उत्तर मिळाले त्यात ना कुळ, ना गाव, ना पित्याचा उल्लेख. आपण आहोत, एवढेच काय ते देवाने सांगितले. कारणावाचून काही असू शकत असेल तर ते जगच का नसावे, ही रसेल यांची पुढची हरकत अधिक वजनदार आहे, हे मी मान्य करतो. तिला माझे उत्तर असे की, जगातील ज्या ज्या वस्तूला आपण हात लावतो ती ती बदलणारी, झिजणारी, दुसरीवर टेकलेली आढळते, आणि अशांच्या बेरजेतून स्वयंपूर्णता कोठून येणार, हे मला उमगत नाही. ही भूमितीतली सिद्धता नव्हे. ख्रिस्ती माणूस नेमके काय मानतो आणि काय मानीत नाही, याचा खुलासा मात्र तिने होतो.

आता आपल्या देशापुरते पाहू. देवाला कोणी केले, हा प्रश्न इथल्या विचारवंतांना तितकासा अडला नाही, कारण न निर्मिलेल्या वस्तूची कल्पना इथे मुळीच दुर्मिळ नव्हती. नैयायिकांचे परमाणू अनादि, सांख्यांची प्रकृती अनादि आणि पुरुषही अनादि, मीमांसकांचे वेद अपौरुषेय, जीवांची कर्मपरंपरा अनादि. ख्रिस्ती मताचे वेगळेपण देवाला अनादि म्हणण्यात नाही. अनादि एकच आहे आणि बाकी सर्व त्याने केलेले आहे, असे म्हणण्यात आहे. हे ज्यांनी सर्वांत प्रखरपणे ओळखले ते नीलकंठशास्त्री गोऱ्हे, पुढे फादर नेहेम्या गोऱ्हे. जन्म १८२५ चा, कुळ चित्पावन, अध्ययन काशीचे, बाप्तिस्मा १८४८ साली. 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांची झडती घेतली, आणि त्यांच्या आक्षेपाचा गाभा असा की, परमाणू देवाचे नव्हेत, जीव देवाचे नव्हेत आणि कर्माचा कायदाही देवाचा नव्हे, तर देवाची मुखत्यारी ती काय उरली? मिळालेल्या सामग्रीची मांडणी करणारा तो एक थोर अधिकारी होईल; ज्याचे आपण सर्वस्वी ऋणी आहोत असा दाता होणार नाही.

गोऱ्ह्यांविषयी मला अपार आदर आहे. ज्यांनी स्वतःच्या शंकांशी आयुष्यभर, बाप्तिस्म्यानंतरही, कधी खिन्नतेच्या खोल गर्तेत उतरून झुंज दिली, त्यांच्या निष्ठेला तोड नाही. तरीही त्यांनी कालगणनेवर जरा अधिकच भार दिला, असे माझे मत आहे. रामानुजाचार्यांच्या मतात जीव आणि जगत् अनादि असूनही सर्वथा ईश्वराधीन आहेत, आणि त्या मताला गोऱ्ह्यांची तलवार पुरती लागत नाही. उलट बाजूने पाहा: तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस, ज्याला रोमन चर्च आपला श्रेष्ठ आचार्य मानते, त्याने स्वतंत्र निबंध लिहून असे प्रतिपादिले की, जगाला आरंभ होता हे आपण श्रद्धेने जाणतो, केवळ बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, आणि समजा जग अनादि कालापासून असते, तरीही ते देवाने निर्मिलेलेच असते. देव जगाच्या आधी होता, हा या मताचा मुख्य भाग नव्हे. जग उत्पन्न करण्यापूर्वी देव काय करीत होता, हा प्रश्न ऑगस्टीनच्याही काळी विचारला जात असे, आणि त्याने तो थट्टेवारी नेण्याचे नाकारून उत्तर दिले की काळ हाच निर्मितीचा भाग आहे, तेव्हा निर्मितीपूर्वीचा काळ असा काही नाहीच. गवंडी घर बांधून निघून गेला तरी घर उभे राहते, तशातला हा प्रकार नाही. आपल्या मुकुंदनगरात सवाई गंधर्व महोत्सवात गाणाऱ्याचा षड्ज लागतो, तो त्याच्या श्वासावर उभा असतो आणि श्वास थांबला की सुराला मागे राहायला जागा नसते. जग देवावर असे उभे आहे, पहिल्या क्षणी जितके तितकेच या क्षणीही.

याचा माणसाच्या व्यवहाराशी संबंध काय, असे तू विचारशील म्हणून आपल्याच भागातला रस्ता तुला दाखवितो. रविवारी उपासनेसाठी मी स्वारगेटहून घोरपडे पेठेच्या अंगाने गंज पेठेत शिरतो आणि तिथून गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनाच्या देवळाकडे वळतो. वाटेत जोतीराव फुल्यांचा वाडा लागतो. अस्पृश्यांना पाण्यासाठी १८६८ साली त्यांनी मोकळा केलेला हौद या घरचा. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत; अवतार, चमत्कार, मध्यस्थ यांपैकी काही त्यांनी स्वीकारले नाही. पण देवाला ते निर्मिक म्हणत, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकाचा सारा डोलारा या एका श्रद्धेवर उभा आहे. निर्माण न झालेला एकच असेल तर त्याच्या अलीकडे सर्व निर्मित, आणि निर्मितांमध्ये कोणी मुखातून आलेला, कोणी पायातून आलेला, असे राहत नाही. विश्वात खरी सीमा एकच, निर्माता आणि निर्मित यांच्यामधली. बाकीच्या सर्व सीमा माणसांनी मागाहून आखलेल्या आहेत. त्या आखण्यात आम्ही हिंदी ख्रिस्ती लोकही मागे राहिलो नाही, हे लिहिताना मला शरम वाटते, कारण आमचा पहिला सिद्धान्तच त्यांना खोडून काढणारा होता.

जोतीरावांचे देहावसान २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. त्याच्या सहा आठवडे आधी, १४ ऑक्टोबरला, पंचहौद मिशनात रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा आला आणि त्या चहावरून ग्रामण्य माजून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली, हे तुला ठाऊक आहे. आणि त्याच नोव्हेंबरात पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले. या तीन घटना मी नेहमी एकत्र आठवतो.

रमाबाईंपाशी थांबले पाहिजे, कारण तुझ्या पुढच्या शंकेला त्या तुझ्याआधी सामोऱ्या गेल्या आहेत. देव अनादि हे एक वेळ पटेल, पण येशू, जो मरीयेच्या उदरी जन्मला, तोही न निर्मिलेला कसा? हा वाद फार जुना. अलेक्झांड्रियाचा वडील एरियस म्हणे की पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो पहिली निर्मिती होय. त्या मताचा निवाडा करण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निसिया येथे बिशपांची परिषद भरविली, आणि तिने पुत्र हा पित्यापासून जन्मलेला असून केलेला नव्हे, असा फैसला दिला. पंचहौदाच्या देवळात मतांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची ठरीव कबुली, म्हणताना हे वाक्य आम्ही सगळे एका लयीत, पुस्तक न उघडता, झपाट्याने म्हणून जातो. रमाबाईंना तसे म्हणून जाता येईना. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांनी, चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असताना, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्रैक्याविषयी आणि विशेषतः अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकाराविषयी त्यांनी स्पष्ट हरकती घेतल्या. पिता न निर्मिलेला, पुत्र न निर्मिलेला, पवित्र आत्मा न निर्मिलेला, आणि तरीही न निर्मिलेले तीन नव्हेत, एकच, असे तो मतांगीकार सांगतो. शास्त्रात जे स्वतःला आढळत नाही ते कोणाच्या हुकमाने मी उच्चारणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टरांना हे अहंकाराचे लक्षण वाटले. मला तसे वाटत नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या लेकीने देवाचे एकत्व जपण्यासाठी वाद घातला, आणि तोंडदेखल्या होकारापेक्षा अशी तकरार देवाला अधिक मानवत असली पाहिजे. त्याच १८८५ साली इकडे पुण्यात जोतीरावांनी 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू उचलून धरली.

रमाबाई पुढे त्या शंकेपलीकडे गेल्या. १८९१ च्या सुमारास ख्रिस्ताची प्रतीती आपल्याला आली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे; केडगावच्या मुक्तिसदनातील निराधार स्त्रियांची सेवा आणि मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर या दोन कामांत त्यांचे उर्वरित आयुष्य गेले, आणि भाषांतर छापून पूर्ण झाले ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूला दोन वर्षे झाल्यावर. पुत्राचे अनादित्व युक्तिवादाने गळी उतरले असेल असे मला वाटत नाही. एरियसशी झगडणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसचेही खरे बळ तर्काच्या काटेकोरपणात नव्हते. त्याचा आग्रह वेगळाच होता. जो आपल्यासाठी आला, आपल्या ताटात जेवला, क्रुसावर मेला, तो जर स्वतःच निर्मितांपैकी एक असेल, तर देवाने आपल्याकडे फक्त जासूद धाडला, स्वतः तो आलाच नाही. निर्माता आणि निर्मित यांच्यामधली जी एकमेव सीमा, ती आपल्या बाजूने कोणाला ओलांडता येत नाही; ती त्याच्याच बाजूने ओलांडली गेली, आणि ती दूत पाठवून नव्हे तर स्वतः, ही सुवार्ता आहे. म्हणून पुत्र न निर्मिलेला आहे की नाही, हा मला पंडितांचा कीस वाटत नाही. त्यावर देवाच्या प्रेमाचा सारा भरवसा अवलंबून आहे.

तुला शंका आहेत तोवर मतांगीकारातील ते वाक्य तू मुकाट्याने ऐक, म्हणू नकोस. आईला मी समजावीन. रमाबाईंचा तो पत्रव्यवहार इंग्रजीत आहे आणि तो राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. माझ्याजवळची प्रत नागपूरच्या गाडीने येणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांबरोबर पाठवीत आहे. १८८५ सालची पत्रे आधी वाच, आणि सिस्टर जेराल्डीन यांचीही टाळू नकोस. त्यांचीही कळकळ खरी होती. देव न निर्मिलेला आणि सर्वसमर्थ असेल तर दुःख कोठून आले, हे तू समासात बारीक अक्षरात लिहिले आहेस. त्याला स्वतंत्र पत्र हवे. तुझी परीक्षा आटोपली की लिहितो.

तुझा,
मामा