एक पोते, दोन डबे

लहानपणी ज्या गोष्टींचा आपल्याला अतोनात राग येतो, त्यांतल्याच काही पुढे आपल्या गुरू ठरतात. धर्माबादच्या मिरचीच्या गिरणीतली रांग ही माझी अशीच एक गुरू.

आमचे धर्माबाद म्हणजे मिरचीची पेठ. हंगामात बाजाराकडून वारा आला की पाहुण्यांना शिंका येत आणि आम्हांला त्याची जाणीवही होत नसे. आमचे कुटुंब मोठे. वर्षाच्या तिखटाचे पोते घेऊन मी सकाळीच गिरणीत जाऊन बसे. पण एक पोते दळून झाले की मामा माझ्या मागून आलेले दोन डबे पुढे ओढीत. मी एकदा रागावून भांडलो. ते म्हणाले, "थांब की रं पोरा, गड्याच्या हाताला बी दम पायजे." घमेल्याघमेल्याने मिरची ओतणाऱ्या त्या गड्याकडे मी पाहिलेसुद्धा नाही.

पुढे मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मोटारींच्या जुळणीची आखणी करू लागलो. हेन्री फोर्डने 1913 साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू केली, तेव्हा तिच्यावरून एकाच नमुन्याची गाडी जात असे. आता एकाच पट्ट्यावरून साधी गाडी जाते आणि सर्व सोयींनी नटलेलीही जाते. पट्टा मात्र दोघींसाठी एकाच गतीने सरकतो.

आमच्याकडे दर मिनिटाला एक गाडी पुढे सरके. एका जागी साध्या गाडीला पन्नास सेकंद लागत, भारी गाडीला ऐंशी. दोन साध्यांमागे एक भारी, म्हणजे सरासरी बरोबर साठ. हिशेब इतका चोख जमला की मी स्वतःवर खूश झालो आणि सुटे भाग पोचवण्याच्या सोयीसाठी दहा भारी गाड्या लागोपाठ लावून मोकळा झालो!

प्रत्येक भारी गाडीला त्या जागेवरचा माणूस वीस सेकंद मागे पडे. तिसऱ्या गाडीला तो पुरता एक मिनिट मागे पडला. पट्ट्याबरोबर चालत चालत तो शेजाऱ्याच्या जागेत शिरला आणि घाईत एक स्क्रू ढिला राहिला. नंतर साध्या गाड्यांची रांग आली, तेव्हा तो दर मिनिटाला दहा सेकंद नुसता उभा होता. ती उसंत मागच्या दमछाकीला कशी पुरणार? त्याला कडक समज देण्यात आली. तो एवढेच म्हणाला, "साहेब, गाड्या लागोपाठ आल्या." माझ्या कागदाला कोणीच बोल लावला नाही.

त्या रात्री मला एकाएकी गिरणी आठवली. एक पोते, दोन डबे! दुसऱ्या दिवशी मी क्रम बदलला: एक भारी, दोन साध्या. जपानात टोयोटाच्या कारखान्यांनी अशा मिसळीच्या क्रमाचे शास्त्रच बनवले आहे. ते मी पुस्तकांतून शिकलेलो होतो. तरीही चूक माणसाची नसून माझ्या कागदाची होती, हे वरिष्ठांना सांगायला मला आणखी आठवडा लागला.

सरासरी खोटी नसते. पण सरासरीला हात नसतात, ते गड्याला असतात. मामांना गणित येत होते की नाही, कोण जाणे. ते रांग लावताना आधी त्या हातांकडे पाहत, एवढे मात्र खरे.