डिट्रॉइटच्या अंगणांतील एक रविवार

अमेरिकेचें प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती उभ्या राहतात. त्यांपैकीं कांहींच मीं पाहिलें नाहीं. गेल्या वर्षीं आश्विन-कार्तिकांत आम्ही उभयतां मिशिगन राज्यांतील डिट्रॉइट शहरानजीक नोव्हाय नांवाच्या गांवीं मुलाकडे दोन महिने राहून आलों. त्या मुक्कामांत जें पाहिलें त्यांतून मनांत कायमचें राहिलें तें मोटारीच्या पोटाखालून काढलेलें एक गळकें तसराळें. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या गांवीं जें पिकतें तेंच प्रवाशानें वर्णावें, आणि डिट्रॉइटांत पिकते ती मोटार.

डिट्रॉइट हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ पाण्याची चिंचोळी वाट. नदीच्या या चिंचोळ्या पात्राकांठीं १७०१ सालीं फ्रेंचांनीं ठाणें वसविलें. पैलतीरीं कॅनडा देश आहे. १९१३ सालीं येथील हायलंड पार्कच्या कारखान्यांत हेन्री फोर्ड यांनीं मोटारीचा सांगाडा माणसांपुढून सरकता ठेवला, आणि ज्या जोडणीस पूर्वीं साडेबारा तास लागत ती पुढें सुमारें दीड तासांत होऊं लागली. १९५० सालीं या शहराची वस्ती साडेअठरा लक्षांच्या घरांत होती. २०२० च्या शिरगणतींत ती साडेसहा लक्षांहूनहि कमी भरली. मध्यंतरीं, २०१३ सालीं, नगरपालिकेनें दिवाळें जाहीर केलें. आतां कांहीं भाग पुन्हा उजळले आहेत. तरी जुन्या कारखान्यांच्या ओस भिंती पाहिल्या म्हणजे लक्ष्मीच्या चंचलपणाची वेगळी साक्ष काढावी लागत नाहीं.

शहराच्या कलासंग्रहालयांत मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनीं १९३२-३३ सालीं रंगविलेलीं प्रचंड भित्तिचित्रें आहेत. उत्तरेकडील भिंतीवर मोटारीचें एंजिन आणि गिअरपेटी घडत असतां शेंकडों कामगार वांकून, ओणवून, ओठ आवळून खपत आहेत. मुलगा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. तोहि याच धंद्यांतला. एका कंपनींत यंत्रभागांचे आराखडे करीत असे. "करीत असे" हा भूतकाळ मला तेव्हां नुकताच कळला होता. घरीं पोहोंचल्यावर तिसऱ्याच दिवशीं नातू बोलून गेला, "आजोबा, बाबांचं ऑफिस जूनमध्येंच सुटलं." मुलगा मात्र आम्हांला "घरूनच काम करतों" म्हणून सांगत होता.

त्या दिवसापासून रोज जेवतांना मी त्याला विचारूं लागलों. अर्ज किती केलेस? उत्तर आलें का? अमक्याच्या ओळखीनें पाहिलेंस का? मास्तरकीचीं चाळीस वर्षे अंगांत मुरलेलीं. उजळणी चुकली कीं पुन्हा म्हणून घ्यावयाची, हीच माझी रीत. तो "हो अण्णा", "पाहतों अण्णा" एवढेंच म्हणे आणि पान सोडून उठे. सौभाग्यवतीनें एकदां खुणेनें मला थांबविलें. मी थांबलों नाहीं.

याच सुमारास घरांत दुसरी एक चिंता होती. सूनबाई एका रुग्णालयांत रात्रपाळीस जाते. तिची गाडी उभी राहते तेथें फरसबंदीवर रोज सकाळीं लाल तेलाचा रुपयाएवढा डाग पडे. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत हें लाल तेल असतें. अशी पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम बाजारांत आली ती याच प्रांतांतून, १९३९ सालीं, 'हायड्रामॅटिक' या नांवानें. तिच्यांत तेल हें केवळ वंगण नव्हे. पंप तें दाबानें फिरवितो, त्या दाबानेंच आंतील क्लच धरतात आणि सुटतात, आणि उष्णताहि तेंच वाहून नेतें. तेल उणें झालें कीं क्लच घसरतात, घसरले कीं जळतात, आणि मग सारी पेटीच बदलावी लागते. आमच्या वाटेवरील लिव्होनिया गांवीं हायड्रामॅटिकचाच अवाढव्य कारखाना होता. १९५३ सालीं तेथें लोखंड कापतांना उडालेल्या ठिणग्या, ठिबकणारा द्रव धरण्यासाठीं लावलेल्या पन्हळांत पडल्या, आणि पाहतां पाहतां तो कारखाना भस्मसात् झाला. ठिबकणाऱ्या थेंबाला त्या गांवांत कोणी लहान म्हणत नसावेत.

गाडी दोन वेळां दुरुस्तीला दिली होती. दोन्ही वेळां नवें गॅस्केट घालून, बोल्ट करकचून आवळून ती परत मिळाली, आणि दोन्ही वेळां पंधरवड्यांत डाग पुन्हा दिसला. तिसऱ्या खेपेस पेटी उतरविण्याचा खर्च सांगितला, तो ऐकून मुलगा कांहीं न बोलतां परतला. हिंवाळा तोंडावर आला होता. तिकडे बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात; डिट्रॉइटच्या पोटांत हजार फुटांहून अधिक खोल मिठाची खाणच आहे. तें मीठ गाड्यांच्या तळाचा पत्रा खातें. शेवटीं मुलानें ठरविलें कीं हें काम घरच्या अंगणांतच करावयाचें.

शनिवारीं त्यानें गाडीचा तळ धुऊन, पुसून कोरडा केला व त्यावर अंगाला लावण्याची पांढरी पावडर भुरभुरविली. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "अण्णा, तेल वरून कोठूनहि निघालं तरी ओघळून याच तसराळ्याच्या कडेला लोंबतं. थेंब पडतो तिथंच गळती असते असं नाहीं." बाजारापर्यंत फेरी मारून आल्यावर पाहिलें, तों वरच्या नळ्यांवरची पावडर कोरडी आणि तसराळ्याच्या कडेला, दोन बोल्टांच्या मधोमध, लाल रेघ. चोर सांपडला.

रविवारीं सकाळीं मागल्या चाकांना उटी लावून पुढली बाजू जॅकनें उचलली आणि खालीं लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये, हें त्यानें नातवाकडून तीनदां म्हणवून घेतलें; पिढ्यांची रीत जात नाहीं हें पाहून मला हंसूं आलें. मी तिपाईवर बसून विजेरी धरली. एका बाजूचे दोन बोल्ट ठेवून बाकीचे काढतांच तसराळें कललें आणि चार-एक लिटर लाल तेल खालच्या घमेल्यांत उतरलें. तळाच्या लोहचुंबकाला करड्या रंगाची मऊ लेवी चिकटली होती. तेवढी झीज व्हावयाचीच. कण किंवा तुकडे नव्हते, म्हणजे पेटी शाबूत होती.

मग त्यानें तें तसराळें पाटावर ठेवून त्याच्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरली आणि म्हणाला, "विजेरी मागून धरा." पट्टीखालून उजेड आला! प्रत्येक छिद्रापाशीं पत्रा वर उचललेला आणि दोन छिद्रांमधला भाग खालीं राहिलेला. बोल्ट जसजसे अधिक आवळले तसतसा पत्रा छिद्रापाशीं वांकला. तेथें गॅस्केट चिरडून फाटलें, आणि मध्यें त्यावर दाबच उरला नाहीं. गळतें म्हणून आवळलें, आणि आवळलें म्हणून गळलें.

त्यानें कडेखालीं सागवानाचा ठोकळा घेऊन एकेक उंचवटा हातोडीनें हलके ठोकून सपाट केला. पट्टीखालचा उजेड बंद होईपर्यंत तास गेला. वरची बाजू ॲल्युमिनियमची, मऊ. म्हणून जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या खरवडणीनें काढले. गाळणी बदलली. नवें रबरी गॅस्केट कोरडेंच ठेवलें.

शेजारचे वृद्ध गृहस्थ मोटारीच्या कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. ते आपला टॉर्क पाना घेऊन आले. या पान्याला ठरलेला जोर झाला कीं 'टक्' असा आवाज येतो. त्यांनीं बजावलें कीं पुस्तकांतला आंकडा इंच-पौंडांचा आहे. तोच कोणी फूट-पौंड समजून वाचला तर बारापट जोर लागतो. मधल्या बोल्टापासून आरंभ करून, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें, दोन फेऱ्यांत मुलानें आवळले. शेवटचा 'टक्' इतक्या लौकर झाला कीं मला राहवेना.

"अरे, एवढ्यानं काय होतंय? आणखी अर्धा वेढा दे, नाहींतर गळेल."

तो गाडीखालूनच शांतपणें म्हणाला, "नाहीं अण्णा. त्या अर्ध्या वेढ्यानंच दोनदां बिघडलंय."

मी गप्प बसलों. विजेरी माझ्या हातांत होती. तिचा उजेड त्याच्या तेलानें माखलेल्या हातांवर पडला होता. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग, मीं कांहींहि न विचारतां, तो आपण होऊन सांगूं लागला. तीन ठिकाणीं मुलाखती झाल्या. दोघांनीं नकार दिला. शिल्लक चैत्रापर्यंत पुरेल. रात्रीं झोंप येत नाहीं. "तुम्हांला सांगायचं होतं, पण तुम्ही विचारलंत कीं शब्दच फुटत नसे." चाळीस वर्षांत मीं विद्यार्थ्यांना किती अर्धे वेढे दिले असतील, याचा हिशेब त्या तिपाईवर बसून मनांत झाला. तो येथें मांडीत नाहीं.

गाडी खालीं उतरवून तेल भरलें, एंजिन चालूं ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवरून एकदां फिरविला, आणि सपाट जागीं, तेल तापल्यावर, मापकाठीनें पातळी पाहिली. जुनें तेल बाटल्यांत भरून तें परत घेणाऱ्या दुकानांत दिलें. रात्रीं गाडीखालीं कोरा पुठ्ठा पसरला. सकाळीं नातू धांवत बाहेर गेला आणि तसाच कोरा पुठ्ठा डोक्यावर धरून आंत आला. आम्हीं निघालों त्या दिवशीं पहिलें बर्फ भुरभुरत होतें. तोपर्यंत पुठ्ठ्यावर एकहि थेंब पडला नव्हता.

संस्कृतांत 'स्नेह' या एकाच शब्दाचे तेल आणि प्रेम असे दोन अर्थ होतात. वर्गांत हें मीं कित्येकदां शिकविलें. समजलें तें नोव्हायच्या अंगणांत. मुलाची नोकरी अद्याप लागलेली नाहीं. परंतु दर रविवारीं तो आपण होऊन फोन करतो, आणि मी अर्जांविषयीं विचारीत नाहीं. जें सांगावयाचें तें तोच सांगतो.