आर्थर रोडवरचे गुरुजी

टॅक्सीवाल्याला ‘साने गुरुजी मार्ग’ सांगा, तो वळून बघेल. ‘आर्थर रोड’ म्हटलं की मुकाट मीटर टाकतो. आमचं घर लालबागला, रस्ता रोजच्या पायाखालचा. पण तिथली गुरुजींच्या नावाची पाटी मी नीट वाचली १९८३ साली, तुरुंगाच्या दारात मुलाखतीच्या रांगेत उभा असताना.

आत माझा मित्र होता. लहानपणी आम्ही दोघं राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायचो. चाळीमागच्या मैदानात लंगडी, मग लेझीम, शेवटी गोष्ट. भेटलं की ‘जिंदाबाद’ म्हणायचं. लंगडीत हा कुणाच्या हाती लागायचा नाही. भांडणं व्हायचीच. हात उचलला की दोघांना एकाच संघात घालायचं, हा शाखेतल्या दादांचा नियम. गोष्टी बहुतेक श्यामच्या, म्हणजे साने गुरुजींच्या स्वतःच्या लहानपणच्या. श्याम रडायला लागला की मागून कुणीतरी हुंदके काढून दाखवायचं. दादांनी त्यावर एकदा पंढरपूरची हकिकत सांगितली. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून हा रडका मास्तर १ मे १९४७ ला उपोषणाला बसला आणि दहाव्या दिवशी, देऊळ उघडायचं ठरल्यावरच उठला. हुंदके बंद झाले. निदान त्या दिवसापुरते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दोघांचेही वडील साचाखात्यात. मला मामानं एका छापखान्यात चिकटवलं. त्याला मामा नव्हता. कुणीतरी निरोप पोचवायचं काम दिलं, मग वसुलीचं. एका मारामारीत आत गेला.

मी ‘श्यामची आई’ घेऊन गेलो होतो. शिपायानं पुस्तक उलटं धरून झटकलं, पान न् पान चाळलं. जाळीपलीकडून हा म्हणाला, “गोष्टी येतात मला. विड्या आणल्यास?”

मला राग आला. रागातच सांगितलं, की हे गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय, १९३३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेतली, तीही त्यांनीच.

“मास्तर आत होता?” एवढंच त्यानं विचारलं. तेवढ्यात वेळ संपली.

सुटून आला तेव्हा पुस्तक परत केलं. मागची दहा-बारा पानं गायब. विडीला लागली असावीत. मी विचारलं नाही.

मैदानावर आता टॉवर आहे. आम्ही दोघं चाळीच्या चौकात रविवारी पोरं जमवतो. उपदेश दोघांनाही जमत नाही, आणि पोरं उपदेशाला येतही नाहीत, लंगडीला येतात. माझे गुडघे गेलेत, म्हणून शिट्टी त्याच्याकडे. परवा दोन पोरांनी एकमेकांची गचांडी धरली. यानं काही न बोलता दोघांना एका संघात टाकलं.

आठ-दहाच येतात. गडी कमी पडतात. लालबाग-परळात कुणाचा नातू रिकामा असेल तर संध्याकाळी पाच वाजता पाठवा.