चमको पावडर आणि माझी कविता

पिक्चर जुना आहे. १९८१ चा. 'चश्मे बद्दूर'. सई परांजपे यांचा. आम्ही तो बघितला आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत, सातपूरला. तिघांत एक मोबाईल, तोही तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. माझी तिसरी पाळी झाली होती. घरी आलो तरी रिंगफ्रेमचा आवाज कानातनं जात नाही, झोप लागत नाही. आमच्यातला बीकॉमवाला म्हणला, लाव काहीतरी हसायचं.

दोस्तांनो, आधी खोलीतली माणसं सांगतो. एक बीकॉमवाला. पास होऊन तीन वर्षं झाली. गाडीवरनं लोकांच्या घरी जेवण पोचवतो. दुसरा एमपीएस्सीवाला. सकाळी आठला अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला येतो, मधे जाहिरात निघायची वाट बघतो. तिसरा मी. बारावी नापास. जे काही वाचलं ते शालिमारच्या रस्त्यावरच्या पुस्तकांतनं, अर्ध्या किमतीत. नाशिकजवळच्या एका सूतगिरणीत ठेकेदाराच्या हजेरीवर रिंगखात्यात आहे. माझा चुलत आजाही मुंबईला रिंगखात्यातच होता. त्याच्या आधीच्या लोकांना कापड विणायच्या खात्यात घेत नव्हते. धोट्यातनं धागा तोंडानं ओढावा लागायचा, अन् आपल्या तोंडचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर तो बाटणार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. ते असो. मी कविता करतो. हे शेवटचं ध्यानात ठेवा, पुढं त्याचंच प्रकरण आहे.

पिक्चरमधेही तिघंच. दिल्लीत एका खोलीत राहतात. कॉलेज झालंय, पुढं काय ते ठरत नाही. ओमी आणि जोमो नुसते उंडारतात, पोरींच्या मागं फिरतात. सिगारेटी फुकतात त्या लल्लनमियाँच्या टपरीवरनं, उधारीवर. सईद जाफरीनं हा लल्लनमियाँ असा केलाय की आमच्या चौकातला टपरीवाला हाच असं वाटावं. तिसरा फारूख शेख. पुस्तकातनं डोकं काढत नाही. नाव सिद्धार्थ अन् विषय अर्थशास्त्र! बीकॉमवाला उडालाच. म्हणला, "हा तर आपलाच निघाला रे!" आम्ही पोट धरून हसलो. आपल्या प्रत्येक गल्लीत एक सिद्धार्थ आहे, पण असा निवांत बसून पुस्तक वाचणारा एकही नाही. कोणी नाक्यावर उभा, कोणी ठेकेदाराकडं, कोणी बँड वाजवतो.

एमपीएस्सीवाला मात्र गप होता. मधेच म्हणला, "१९८१ ला आपली कॉलेज झालेली पोरं कुठं होती, सांग." अभ्यासिकेतला माणूस, त्याला साल दिलं की सगळं आठवतं. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् आपल्या वस्त्या पेटवल्या. १९७९ ला लाँग मार्च. बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. पिक्चर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस घरी बसलं. "आपले लोक लाठ्या खात होते अन् हे उधारीच्या सिगारेटी ओढत होते," तो म्हणला.

त्याचं खोटं नाही. पण बीकॉमवाला म्हणला, "हसू दे ना भो. दिवसभर लिफ्टपाशी वॉचमन हटकतो मला, आता तू पण हटकू नको." मला बीकॉमवाल्याचं पटलं. लाठ्या खाणाऱ्यांनाही पानटपरी होतीच, तेही एखाद्या पोरीसाठी वळून बघत असतीलच. आपल्या पोरांचं प्रेम पडद्यावर यायला 'फँड्री' यावा लागला, २०१३ ला, अन् 'सैराट', २०१६ ला. एक संपला दगडावर अन् दुसरा रक्तावर. साला, आपल्या प्रेमात नुसतं हसून घरी जाता येईल असा पिक्चर कधी यायचा? आणि परांजपेबाई पांढरपेशांपाशीच थांबल्या असंही नाही. १९९० ला त्यांनी 'दिशा' काढला, त्यात गावाकडनं मुंबईला पोट भरायला आलेली माणसं आहेत, गिरणी आहे. तेव्हा मी त्यांच्याशी भांडायला बसलेलो नाही. माझं भांडण पिक्चरच्या मधल्या भागाशी झालं, अन् खरं तर त्याच्याशीही नाही.

त्या भागात दीप्ती नवल येते. दारोदार फिरून चमको नावाची कपडे धुवायची पावडर विकते. गाणं शिकते. ओमी आणि जोमो तिला पटवायला जातात, दोघांचीही फजिती होते. पण खोलीवर परत आल्यावर दोघंही छाती फुगवून थापा मारतात. ओमीला शेरोशायरीचा नाद, त्यामुळं त्याची थापही काव्यात. पडद्यावर त्या थापांची गाणी होतात, नाव चालते, फुलं डोलतात. पुढं सिद्धार्थचं तिच्याशी खरोखर जुळतं. मग हे दोघं त्याच थापा खऱ्या म्हणून त्याच्या कानात भरतात. सिद्धार्थ विश्वास ठेवतो अन् तिला तोडतो.

सगळ्यात जास्त हसू येतं ते या थापांना. बीकॉमवाला लोळत होता. मी हसता हसता थांबलो. तिघा बेकारांच्या खोलीत पावडरीची पिशवी घेऊन आलेली ती एकटी कामाला निघालेली होती, अन् बदनामी झाली ती तिचीच. एमपीएस्सीवाला माझ्याकडं बघत होता. तो हळूच म्हणला, "हा ओमी तुझ्यासारखाच आहे की रे."

आता सांगतो.

आमच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात एक पोरगी होती. आमच्याच वस्तीतली. नाव लिहीत नाही, एकदा न लिहिता पुरेसं झालंय. मुक्त विद्यापीठातनं बीए करत होती, शेवटचं वर्ष. जेवणाच्या सुट्टीत कोनच्या खोक्यावर बसून पुस्तक वाचायची, बोटाला सूत गुंडाळत गुंडाळत. माझं तिच्याशी बोलणं आयुष्यात एकदा झालं. पाण्याच्या टाकीपाशी ती म्हणली, "भाऊ, जरा बाजूला व्हा." मी बाजूला झालो. बस, एवढंच.

तर एवढ्यावर मी कविता केली. गंगापूर धरणाच्या काठावर पाऊस, तिचा हात माझ्या हातात, तिच्या केसांत अडकलेलं कापसाचं तूस मी फुंकरीनं उडवतो. अन् कपाळावरची खोक, तिची खरी खोक. अन् खोक्यावर उघडं पडलेलं पुस्तक. नाव कुठंच नाही. गेल्या चौदा एप्रिलला वस्तीतल्या स्टेजवर माईकवर म्हणली. टाळ्या, शिट्ट्या. वन्स मोअर. मी परत म्हणली. खाली बायकांत तिची आई बसली होती.

लोक कपाळावरची खोक ओळखत नाहीत काय? माझे हे दोन्ही दोस्त "खरंय का रे?" म्हणत चार दिवस वस्तीभर फिरले. मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणत नव्हतो, होही म्हणत नव्हतो. नुसता हसायचो. ते हसणं कवितेपेक्षाही हलकट होतं. पाचव्या दिवशी तिच्या भावानं तिचं काम बंद केलं. तिला येवल्याकडं मामाच्या घरी धाडून दिली. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं ज्या येवल्यात सांगितलं, त्याच येवल्याकडं. मुक्तिभूमीकडं पोरगी कोंडायला पाठवली, अन् पाठवायचं कारण मी. परीक्षा मे महिन्यात होती. ती बुडाली. वाइंडिंगला तिच्या जागी ठेकेदारानं आठवड्यात दुसरी पोरगी लावली.

अन् मी काय केलं? काही नाही. उलट एका पोरानं ती कविता अंकाला मागितली तर मी ती पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. जातीवर, देवळावर, मालकावर दात ओठ खाऊन लिहिणारा मी. भाषणात 'स्त्रीमुक्ती' म्हणताना आवाज चढवणारा मी.

पिक्चरमधे त्या दोघांना पस्तावा होतो. ते आजीला गाठतात, खोट्या अपहरणाचा घोळ घालतात, मग खरेच गुंड येतात, मारामारी होते, अन् सगळं जागेवर येतं. परत सगळे हसतात. आमच्याकडं आजी नाही अन् गुंडही नाहीत. बीकॉमवाल्यानं मोबाईल उचलला, तांदळाचा डबा जागेवर ठेवला. कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. कागदावर लिहून नेलं होतं, की कविता सगळी खोटी आहे, धरण खोटं, पाऊस खोटा, फक्त खोक खरी. तिचे वडील ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होते. म्हणले, "बस." मी उभाच राहिलो. म्हणलं, काका, एक वाचून दाखवायचंय. वाचलं. ते चोळायचे थांबले नाहीत. आई दारात होती. वाचून झाल्यावर ते म्हणले,

"माझी पोर कशी हाय ते मला म्हाईत हाय. मला कशाला वाचून दावतो? ज्यांच्याम्होरं माईकवर म्हनला, त्यांच्याम्होरं वाच."

मी म्हणलं, "हो काका."

आई म्हणली, "तिला फोनवर सांगितलं तू येनार म्हनून. ती म्हनली, माफी नको, कामावर परत घेत्यात का ते इचार. अन् परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते."

फॉर्मची तारीख मी काढून दिली. ठेकेदाराकडं तीनदा गेलो. बघू म्हणतो.

यंदाच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला मी नाव द्यायला गेलो. कमिटीच्या पोरानं वहीत माझ्या नावापुढं 'कविता' असं लिहिलं. म्हणला, "मागच्यावानी होऊन जाऊ द्या, दादा." मी त्याच्या हातातला पेन घेतला अन् ते खोडलं. तो म्हणला, "मग काय लिहू?" मागं आणखी पोरं नाव द्यायला उभी होती. मी म्हणलं, नुसतं नाव राहू दे.